मन वळवण्याचा फासा

कादंबरीत एखादे वाक्य येते: 'त्याने तिचे मन वळवले.' वाचक पुढे जातो. कसे वळवले, कोणत्या शब्दांत वळवले, हे त्याला कळलेले नसते, आणि ते कळावे असा त्याचा आग्रहही नसतो. मात्र एखाद्या पात्राच्या वक्तृत्वाचा लेखकाने चार पाने गौरव केला आणि त्याचे एकही भाषण आपल्यापुढे ठेवले नाही, तर आपण कुरकुरू लागतो. पहिल्या ठिकाणी आपण लेखकाच्या शब्दावर विश्वास ठेवला. दुसऱ्या ठिकाणी पुरावा मागितला. कवी स्वतःच्या वाणीने केव्हा बोलतो आणि पात्राच्या वाणीने केव्हा, हा भेद प्लेटोने 'रिपब्लिक'च्या तिसऱ्या खंडात केल्यापासून कथन आणि अनुकरण या जोडीची चर्चा चालू आहे. तरीही सांगितलेले केव्हा पुरते आणि बोलून दाखवावेच केव्हा लागते, हा निर्णय आपण बहुधा लेखकाच्या तारतम्यावर सोपवून मोकळे होतो.

हा प्रश्न मला अलीकडे अनपेक्षित जागी भेटला. ती जागा साहित्याच्या परिघाबाहेरची समजली जाते. तेथे तो टाळता येत नाही, कारण तेथे दर अर्ध्या तासाने कोणीतरी कोणाचे तरी मन वळवत असते आणि त्याचा निकाल तिथल्या तिथे लावावा लागतो. मी भूमिका घेऊन खेळावयाच्या बैठ्या खेळांबद्दल बोलतो आहे. त्यांचा आद्य नमुना म्हणजे गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा, १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'. चार-पाच जण एकत्र बसतात; प्रत्येकाकडे एक पात्र असते; एक जण सूत्रधार होतो आणि उरलेले सारे जग, म्हणजे पहारेकरी, सावकार, राजे, वाटाडे, तोच बोलून उभे करतो. पात्राने काही करावयाचे ठरवले आणि ते साधेल की नाही याची शंका असली, की फासा टाकला जातो. पात्राच्या अंगच्या गुणांना आकडे दिलेले असतात. ते फाशात मिळवायचे आणि बेरीज पुरेशी झाली की कृती साधली. संहिता आधी लिहिलेली नसते. खेळणाऱ्यांच्या बोलण्यातून कथा घडत जाते, आणि ती ऐकणारेही तेच असतात. वाचककेंद्री समीक्षेने ज्या वाचकाची कल्पना केली तो येथे सदेह भेटतो, असे मला पहिल्यांदा वाटून गेले होते. तो मुद्दा तूर्त बाजूला ठेवतो.

या खेळाचे मूळ युद्धखेळात आहे. त्यामुळे तलवारीचा फासा त्यात स्वाभाविकपणे आला. जिभेचा फासा हळूहळू आला. पहिल्या नियमपुस्तिकांत पात्राच्या सहा गुणांपैकी एक 'व्यक्तिप्रभाव' होता, पण त्याचा उपयोग मुख्यत्वे किती अनुयायी मिळतील हे ठरवण्यापुरता होता. पुढे २००० साली तिसरी आवृत्ती निघाली तेव्हा मनधरणी, थाप मारणे, धाक घालणे आणि समोरच्याचा हेतू ओळखणे ही चार वेगवेगळी कौशल्ये झाली आणि प्रत्येकाला आकडा मिळाला. तेव्हापासूनचा वाद आजही मिटलेला नाही. एक पक्ष म्हणतो, खेळणाऱ्याला आपण खरी तलवार उचलून दाखवावयास सांगत नाही, मग त्याच्या पात्राचे वक्तृत्व त्याने स्वतः करून का दाखवावे? दुसरा पक्ष म्हणतो, बोलणे हेच ज्या खेळाचे सर्वस्व आहे तेथे बोलण्याऐवजी फासा टाकायचा असेल तर खेळायला बसायचेच कशाला?

दोन्ही पक्षांचे म्हणणे मला खरे वाटते, आणि या अवघडलेपणाचे कारण माध्यमात आहे. जेरार झनेत यांनी १९७२ मध्ये कथनमीमांसेची मांडणी करताना दाखवून दिले की, भाषेला खरे अनुकरण फक्त भाषेचेच करता येते. तलवारीचा घाव शब्दांत सांगता येतो, तो शब्दांत 'होत' नाही. उद्गार मात्र शब्दांत सांगताही येतो आणि होतोही. खेळाच्या बैठकीत तलवार, घोडा, दरी, वादळ हे सारे चिन्हरूपाने येते. एकटी वाणी साक्षात येऊ शकते. त्यामुळे ती आली नाही तर तिची अनुपस्थिती डोळ्यांत भरते. आणि ती आली, तर खेळणाऱ्याची स्वतःची वाणी पात्राच्या वाणीवर चढून बसते. हा दुसरा भाग या वादात मला पुरेसा बोलला गेलेला दिसत नाही.

त्याचे गांभीर्य मला माझ्या गावी कळले. माझे गाव भंडारा जिल्ह्यातील, लाखांदूर तालुक्यातले दिघोरी (मोठी). हा झाडीपट्टीचा मुलूख: धानाच्या बांध्या, तलाव आणि जंगल. दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार आणि पाहुण्यांची वर्दळ, रात्री दंडार, खडी गंमत नाही तर नाटक. अशाच एका मंडईला नागपुरात शिकणारा माझा भाचा चार मित्रांना घेऊन आला होता. दुपारी ओसरीवर त्यांनी कागद आणि वीस पैलूंचे फासे मांडले. ड्रॅगन त्यांनी केव्हाच सोडून दिले होते. भाच्याने सुचवलेली कथा मालगुजारीच्या काळातली होती. मालगुजारी १९५१ साली संपली; त्या काळचे तलाव आजही 'माजी मालगुजारी' या नावाच्या आद्याक्षरांवरून 'मामा तलाव' म्हणून आमच्याकडे ओळखले जातात. कथेत रोवणी अर्ध्यावर आली आहे, पावसाने दडी मारली आहे, तलावात पाणी आहे आणि मालगुजार ते सोडत नाही. भाच्याकडे पात्र होते दिवाणजींचे. कागदावर दिवाणजींच्या मनधरणीला भरघोस आकडा होता. माझा भाचा स्वभावाने अबोल आहे.

'दिवाणजी मालगुजाराला पाणी सोडायला राजी करतात,' असे म्हणून त्याने फासा उचलला. सूत्रधार झालेला नागपूरचा मुलगा म्हणाला, 'असं नाही. ते काय बोलतात ते बोलून दाखव.' भाचा थबकला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, 'मामाजी, दिवाणजी गोड बोलते. मी थोडीच बोलतो!' मित्र हसले.

ते दुष्टपणे हसले नाहीत. पण ते 'बोलते'ला हसले, हे मी तीस वर्षे मराठी शिकवल्यामुळे ओळखू शकतो. आमच्या बोलीत पुल्लिंगी कर्त्यालाही 'बोलते', 'जाते' चालते. 'ण'चा उच्चार 'न' होतो. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी झाडीबोलीच्या अभ्यासाला आयुष्य वाहिले, तिच्यात साहित्य लिहिले गेले, तिची संमेलने भरली. तरी या भागातून शहरात शिकायला गेलेला मुलगा वर्गात पहिली गोष्ट शिकतो ती गप्प बसण्याची. तोंडी परीक्षेत, मुलाखतीत, चर्चासत्रात त्याला काय म्हणायचे आहे हे कळण्याआधी तो ते कशा उच्चारात म्हणतो हे ऐकले जाते. तेथे त्याच्या बाजूने टाकायला कोणताही फासा नसतो. खेळात होता. कागदावरचा तो आकडा म्हणजे, 'माझी जीभ कशीही असो, या बैठकीत दिवाणजींचे बोलणे गोड मानले जाईल,' असा त्याला मिळालेला करार होता. 'बोलून दाखव' या साध्या मागणीने तो करार मोडला जात होता. वाणी साक्षात आणली की तिच्याबरोबर बोलणाऱ्याचे गाव, जात, शाळा, सारे येते. आणि ऐकणारा पात्राला ऐकत आहे की खेळणाऱ्याला, हे त्याचे त्यालाही सांगता येत नाही.

त्याच रात्री दंडारीत राजा झाडीबोलीत बोलत होता. अंगात भरजरी झगा, पायांत रोजच्या चपला, आणि फर्मान ज्या बोलीत सोडले त्याच बोलीत सकाळी त्याने बैल हाकले असतील. प्रेक्षकांतील एकालाही तो राजा नाही असे वाटले नाही. नाट्यशास्त्राने लोकधर्मी आणि नाट्यधर्मी असा जो भेद केला आहे त्याचे वर्गात शिकवावे असे उदाहरण यापेक्षा चांगले नाही. राजाचे राजेपण प्रेक्षकांनी संकेताने मान्य केलेले होते. ते त्याच्या उच्चारांतून सिद्ध होण्याची वाट कोणी पाहिली नाही. खेळातील आकडा हा असाच नाट्यधर्मी संकेत आहे. ज्यांना तो कृत्रिम वाटतो त्यांना रंगभूमीवरचा पडदाही कृत्रिम वाटावयास हवा.

तरीही सूत्रधार चुकला असे मी म्हणणार नाही. 'राजी करतात' एवढ्यावर मालगुजाराने काय उत्तर द्यावे? त्याला हो म्हणायला किंवा नाही म्हणायला समोर काही हवे. येथे मला जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ सालच्या हार्वर्ड येथील व्याख्यानांत मांडलेला आणि १९६२ साली ग्रंथरूपाने आलेला विचार उपयोगी पडला. उच्चारलेले शब्द ही एक कृती. ते शब्द उच्चारून आपण विनंती करतो, वचन देतो, धमकावतो, ही दुसरी. आणि त्यामुळे ऐकणाऱ्याच्या ठायी जे घडते, म्हणजे तो पटतो, घाबरतो, विरघळतो, ही तिसरी. पहिल्या दोन बोलणाऱ्याच्या हातच्या आहेत. तिसरी त्याच्या हातची नाही. मी वचन दिले हे माझ्यापुरते पूर्ण होते. तुम्हाला पटवले हे तुमच्यावाचून पूर्ण होऊच शकत नाही.

हे तीन थर वेगळे केले की वादाची गाठ सुटू लागते. पहिला थर, शब्दांची घडण, उच्चार, लय, खेळणाऱ्याकडून मागण्याचा कोणाला अधिकार नाही. तो आकड्याने भरून काढावा, त्यासाठीच आकडा आहे. दुसरा थर मात्र खेळणाऱ्याने दिलाच पाहिजे: काय मागतो आहेस, आणि कशाच्या बळावर? तिसरा थर श्रोत्याचा. फासा टाकायचाच असेल तर तो येथे टाकावा.

ओसरीवर शेवटी घडले ते असेच. सूत्रधाराने प्रश्न बदलला: 'बरं, दिवाणजी मालकांपुढे मुद्दा काय ठेवतात?' भाच्याने खाली पाहत सांगितले, 'मालक, शेवटच्या बांधीवाल्यांचे धान मेले त ते गाव सोडतीन. मंग पुढच्या साली पारीवर माती टाकाले कोन येईन?' पार म्हणजे तलावाची पाळ. तलाव मालगुजाराचा असला तरी पाळीवर माती चढवणारे हात रयतेचे असत. ज्याचे धान पाण्याच्या शेवटच्या टोकाला त्याला पाणी न देणारा मालक आपलाच तलाव फोडतो. इतका नेमका युक्तिवाद मी पाणीवाटपावरच्या व्याख्यानांतही क्वचितच ऐकला आहे. त्यात गोडवा अजिबात नव्हता. गोडवा कागदावर होता, तो दिवाणजींनी घातला असेल.

मग फासा टाकला गेला, आणि आकडा आला ४. मोठा आकडा मिळवूनही बेरीज कमी पडली.

अशा वेळी बहुतेक सूत्रधार म्हणतात: दिवाणजी अडखळले, बोलणे फसले. म्हणजे फाशाने बोलणाऱ्याला गुण दिले आणि नापास केले. नुकताच उत्तम मुद्दा मांडलेल्या माणसाला असे सांगणे अन्यायाचे आहे, आणि कथेच्या दृष्टीने निष्फळही. आमच्या सूत्रधाराने थोडा विचार करून वेगळे सांगितले. मालगुजाराने सारे ऐकून घेतले, मान हलवली, आणि म्हणाला की पाणी उसासाठी राखले आहे. उसावर त्याने कर्ज उचलले आहे, आणि ऊस गेला तर तलावासकट गाव सावकाराच्या घशात जाईल. हे कर्ज क्षणापूर्वी कोणालाच ठाऊक नव्हते, सूत्रधारालाही नाही. फाशाने ते शोधून काढले. दिवाणजींच्या वाणीत उणीव नव्हती. ऐकणाऱ्याच्या मनात एक बंद खोली होती आणि आता तिचे दार दिसले. फासा पडतो तो श्रोत्याच्या अज्ञात भागावर, वक्त्याच्या जिभेवर नव्हे, हे माझे या लेखातले एकमेव प्रतिपादन आहे. त्यावरून हेही निघते की, सूत्रधाराला श्रोत्याचे उत्तर प्रामाणिकपणे ठाऊक नसेल तेव्हाच फाशाला जागा आहे. उत्तर निश्चित 'हो' असेल तर फासा उपद्रव आहे. निश्चित 'नाही' असेल तर तो जुलूम आहे.

हे तपासून पाहावयास विदर्भाच्या माणसाला दूर जावे लागत नाही. द्यूतात सर्वस्व हरलेल्या युधिष्ठिराला बृहदश्व ऋषी वनपर्वात नलाची कथा सांगतात. दमयंती विदर्भाची राजकन्या. फासे आणि मनधरणी ही दोन सूत्रे इतकी जवळजवळ विणलेली दुसरी कथा मला माहीत नाही. तिच्यातला पहिला प्रसंग हंसाचा. महाभारतात नलाने धरलेला सोन्याच्या पंखांचा हंस सरळ सौदा करतो: मला मारू नकोस, मी दमयंतीपाशी तुझे असे वर्णन करीन की तिला दुसरा पुरुष सुचणार नाही. नल तिच्यासाठी झुरतच असतो; तो हंसाला सोडतो. येथे फासा टाकणे हास्यास्पद ठरेल. ज्याला जे हवे ते देऊ केले, तो घेणारच. बाराव्या शतकातील श्रीहर्षाच्या 'नैषधीयचरिता'त मात्र तोच हंस विलाप करतो, म्हातारी आई आणि नुकतीच व्यालेली हंसी यांची आठवण काढतो. रघुनाथ पंडितांच्या आख्यानामुळे हा विलाप मराठी शाळांत पिढ्यान्‌पिढ्या पाठ केला गेला. येथे सौदा नाही. राजाच्या मनात करुणा आहे की नाही हे हंसाला ठाऊक नाही. या हंसासाठी मी फासा टाकीन. एकच पक्षी, एकच राजा, सुटकाही तीच. पण मागण्याचा आधार बदलला की फाशाची गरज बदलते. 'हंस नलाची मनधरणी करतो' एवढेच म्हटले असते तर हा भेद कळला नसता. दुसरा थर खेळणाऱ्याकडून मागावा तो यासाठी.

दुसरा प्रसंग अधिक कठीण आहे. इंद्र, अग्नी, वरुण आणि यम नलाला दूत करून दमयंतीकडे पाठवतात: आमच्यापैकी एकाला वर. काय करायचे हे ऐकण्याआधीच नलाने त्यांना शब्द देऊन ठेवलेला असतो. दूत म्हणून तो कमालीचा प्रामाणिक आहे. स्वतः तिच्यावर अनुरक्त असूनही तो देवांची बाजू मांडतो, देवांच्या रोषाचे भयही दाखवतो. रूप, कुल, वाणी, मागे चार लोकपालांचे बळ: आकड्यांच्या भाषेत बोलायचे तर याहून मोठी बेरीज संभवत नाही. दमयंती नाही म्हणते. आणि नुसते नाही म्हणून थांबत नाही. देवांनाही घेऊन स्वयंवराला या, त्यांच्यासमक्ष मी तुम्हालाच वरीन, म्हणजे तुमच्यावर दोष येणार नाही, असा मार्ग तीच काढते. या 'नाही'वर फासा टाकला असता तर कथा तेथेच मेली असती. दमयंतीचे पात्र कोणा खेळणाऱ्याकडे असेल तर फासा वर्ज्यच. त्याच्या पात्राचे मन एवढीच त्याची खेळातली मालमत्ता असते. ती सूत्रधाराचे पात्र असली तरीही वर्ज्य, कारण काही नकार हेच त्या माणसाचे रूप असते, आणि ते फाशाला लावणे म्हणजे माणूसच पणाला लावणे. द्यूतसभेत माणूस पणाला लावण्याचे काय झाले ते युधिष्ठिराला सांगण्याची बृहदश्वांना गरज नव्हती.

तिसरा प्रसंग लहान आहे. नल पुष्करापाशी हरत चालला असता नगरजन आणि मंत्री द्वाराशी येतात, दमयंती त्याला रडून विनवते. तो उत्तरच देत नाही. त्याच्यात कली शिरलेला आहे. बोलणारे चांगले बोलले की वाईट, हा प्रश्नच येथे उद्भवत नाही. ऐकणारा जागेवर नाही. पुढे अयोध्येचा ऋतुपर्ण वाटेतल्या बेहड्याची पाने-फळे एका दृष्टिक्षेपात मोजतो आणि नलाला अक्षहृदय, म्हणजे फाशांचे मर्म, देतो, तेव्हा कली त्याच्या शरीरातून निघून त्या बेहड्यात शिरतो. ऋग्वेदातील अक्षसूक्तात ज्या फाशांचा उल्लेख आहे ते बेहड्याच्या फळांचेच. आमच्या जंगलात बेहडे पुष्कळ आहेत. त्यांच्याखाली बसू नये असे म्हातारी माणसे सांगत. त्याचा या कथेशी काही संबंध आहे असा माझा दावा नाही.

या खेळांच्या नियमकर्त्यांना हे सारे अगदीच सुचले नाही असे नव्हे. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या २००३ च्या सुधारित आवृत्तीत श्रोत्याच्या वृत्तीच्या पाच पायऱ्या दिल्या होत्या, वैऱ्यापासून साहाय्यकापर्यंत, आणि वैऱ्याला एका बैठकीत साहाय्यक करायचे तर बेरीज ५० हवी असे लिहिले होते. पन्नास हा आकडा लिहिणाऱ्याला अशक्यप्राय वाटला असावा. खेळणाऱ्यांनी गुणांची चळत रचून तो गाठला, आणि मग साऱ्या जगात कोणी वैरीच उरेना. मनधरणीला दिग्विजयाचे रूप आले. मम्मटाने उपदेशाचे प्रभुसंमित, सुहृत्संमित आणि कांतासंमित असे तीन प्रकार सांगितले आहेत. या तक्त्यात नाव सुहृदाचे होते आणि काम प्रभूचे, कारण ऐकणाऱ्याला नाही म्हणण्याची सोयच ठेवलेली नव्हती. याउलट व्हिन्सेंट बेकर यांच्या 'अपॉकॅलिप्स वर्ल्ड' (२०१०) या खेळाचा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. तेथे कोणाला वळवायचे तर त्याला हवे असलेले किंवा नको असलेले काहीतरी आधी तुमच्या हाती असावे लागते. फाशांवर १० किंवा अधिक आले तरी समोरचा तुमच्याकडून वचन मागतो. आणि समोर दुसऱ्या खेळणाऱ्याचे पात्र असेल तर फासा केवळ प्रलोभन किंवा अडचण उभी करतो. निर्णय त्याचाच राहतो. दमयंतीला त्या बैठकीत बसता आले असते.

ल्यूक क्रेन यांच्या 'बर्निंग व्हील' या खेळातील वाग्युद्धाची तऱ्हा आणखी निराळी. तेथे दोन पक्ष डावपेच लावून वाद घालतात, हरणाऱ्याला ठरलेली गोष्ट पाळावी लागते, पण त्याचे मत बदलले असे मानले जात नाही. हे वाचले तेव्हा मला आमच्याकडील कलगी-तुऱ्याचे सामने आठवले. कलगीवाले शक्तीला श्रेष्ठ मानणार, तुरेवाले शिवाला. रात्रभर एक शाहीर पुराणातले कोडे घालणार, दुसरा ते सोडवून उलट कोडे घालणार. हरजीत होते, पण कलगीवाला तुरेवाला झाला असे मी कधी ऐकले नाही, आणि तो व्हावा अशी कोणाची अपेक्षाही नसते. मन वळावयाचे ते समोर बसलेल्या गावाचे, तेही पहाटेपर्यंतच. वाद जिंकणे आणि माणूस जिंकणे या दोन गोष्टींसाठी एकच कौशल्य आणि एकच फासा ठेवणाऱ्या नियमपुस्तकांनी एक रात्र खडी गंमत ऐकावी, असे मला वाटते. यात थोडा प्रादेशिक अभिमान आहे, तो वाचकांनी वजा करावा.

राहता राहिला प्रश्न खरोखर सुंदर बोलणाऱ्या खेळणाऱ्याचा. फासा श्रोत्याचा, आणि घडण आकड्याने भरायची, तर ज्याला बोलता येते त्याच्या बोलण्याचे काय? त्याने गप्प बसावे काय? येथेही मला विदर्भाचीच एक राजकन्या आठवते, कुंडिनपूरची रुक्मिणी. भागवतात तिचे कृष्णाला पाठवलेले पत्र पूर्ण दिले आहे. नरेंद्रापासून एकनाथांपर्यंत मराठी कवींना हे आख्यान पुन्हापुन्हा रचावेसे वाटले. मनधरणीचा नमुना म्हणून ते पत्र कोणीही दाखवील. पण कृष्ण पत्र ऐकून ब्राह्मणाला काय सांगतो? माझेही चित्त तिच्यापाशीच आहे, मला रात्री झोप येत नाही. म्हणजे श्रोता आधीच वळलेला होता. फाशाला तेथे जागा नव्हती, आणि निकाल बदलण्यासाठी त्या पत्रातल्या एकाही शब्दाची गरज नव्हती. तरी ते सातही श्लोक तेथे आहेत, आणि ब्राह्मण ते सगळे वाचून दाखवतो.